धुरा गळाला, पऱ्हे गारठले

मागच्या उन्हाळी धानाचं नुकसान अजून डोक्यातून जात नाही. ज्याच्यामुळे झालं तो रोज चहाच्या टपरीवर भेटतो, म्हणून तर आणखीच जात नाही.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं शेत नहराच्या शेवटाला. डिसेंबर सरता सरता पऱ्हे टाकले. पंधरा दिवसांत अर्धे पिवळे. शेजारी धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "भाऊ, बियाणं बोगस लागलं तुम्हाला." दुकानदाराने झिंक दिलं, मग युरिया, मग आणखी एक बाटली. सगळं मारलं. फरक शून्य.

एका पहाटे चप्पल काढून पाटाच्या तोंडाशी बांधीत उतरलो, तर गारठ्याची कळ पोटरीपर्यंत गेली. तसाच चालत दुसऱ्या टोकाला गेलो. तिथलं पाणी सोसवत होतं. उजाडलं तेव्हा दिसलं, पिवळेपणा पाटाच्या तोंडापासून सुपासारखा पसरत गेला होता आणि लांबच्या कोपऱ्यात पऱ्हे हिरवेगार. बियाणं खराब असतं तर ते तोंडाशीच कसं खराब निघालं असतं? मुलाचं कॉलेजचं काचेचं थर्मामीटर आणलं. तोंडाशी १४ अंश, कोपऱ्यात १८. बोअरचं पाणी २६!

नहराचं पाणी मी रात्रभर सोडून ठेवत होतो, कारण बांधीत ते थांबतच नव्हतं. शेजाऱ्याने दरवर्षी एकेक फावडं मारत धुरा कोरून पार बारीक केलेला, त्यात खेकड्यांची भोकं. दिवसभर उन्हाने तापलेलं माझं पाणी पाझरून त्याच्या खालच्या बांधीत जायचं आणि माझ्याकडे उघड्या पाटातून गारठलेलं नवं यायचं. त्याला फुकट ओलावा, वर मलाच बियाण्याची अक्कल.

धानाचा वाढता कोंब सुरुवातीला पाण्याखाली असतो. त्याला हवेच्या आधी पाणी बाधतं, आणि गारठलेली मुळं खत उचलत नाहीत. रोवणी अठरा दिवस लांबली. फुलोरा एप्रिलच्या भर उन्हात सापडला. पारा ३५च्या वर गेला की फुलोऱ्यात दाणा नीट धरत नाही. लोंब्या उभ्या, आत पोचट.

तुम्ही एवढं करा. संध्याकाळी पऱ्ह्यात काडी रोवून पाण्याच्या रेषेवर खूण करा, सकाळी बघा. थंडीच्या रात्री वाफ फारशी होत नाही, म्हणजे बरंच उतरलं तर ते गळालंच. भोकं नुसती बुजवू नका, खणून चिखलाने ठोका, वरवरची माती खेकडा दोन रात्रींत काढतो. बोअर असेल तर संध्याकाळी त्याचं पाणी दोन बोटं भरा, सकाळी काढून टाका, चिखलाला ऊन लागू द्या. नहराचंच पाणी असेल तर दिवसा घ्या, आणि सरळ तोंडात न घालता लांबच्या, रुंद, उथळ पाटाने फिरवून आणा. जपानात अकिताकडे चोकाई डोंगराचं बर्फाळ पाणी १९२७पासून असंच तापवत शेतात आणतात. रात्री प्लास्टिक झाका. माती तपासा, जाणत्याला विचारा. आणि शेजाऱ्याचं निदान ऐकून दुकानात जाऊ नका, मी तीन वेळा गेलो.

यंदा मोजणीचा अर्ज दिला आहे. हद्दीचे दगड लागेपर्यंत पऱ्हे बोअरजवळच्या बांधीत, त्या धुऱ्यापासून लांब.