स्टाफला मेनू दिसत नाही? थेट ॲडमिन करू नका!

समजा, वसईची सुकेळी तुम्ही वूकॉमर्सवर विकता. डिलिव्हरीचं मॉड्यूल खास बनवून घेतलंत, पण विरारला पॅकिंग बघणाऱ्या ताईंना त्याचा मेनूच दिसत नाही. घाईत त्यांना ॲडमिन केलंत, तर चुकून प्लगिनही डिलीट होऊ शकतं.

१. 'युजर्स'मध्ये त्यांचा रोल बघा. 'शॉप मॅनेजर' असूनही मेनू नाही? मग पुढे चला.
२. डेव्हलपरला विचारा: मेनूला 'मॅनेज ऑप्शन्स' परवानगी लावलीय का? ती मुळात ॲडमिनकडेच असते. 'मॅनेज वूकॉमर्स' लावून घ्या.
३. त्यांच्याच लॉगिनने एक नोंद सेव्ह करून बघा. अडलं, तर सेव्हची परवानगीही तपासा.

शॉप मॅनेजरला भावही बदलता येतात. काम फक्त पॅकिंगचं असेल, तर वेगळा रोलच बनवून घ्या.