एक गिटार, दोन अँप्लिफायर

गिटार वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला एक अँप्लिफायर मिळाला तरी तो भाग्यवान समजला जातो. अशा वेळी दोन अँप्लिफायरांसाठी कोणते पेडल घ्यावे यावर मी लेख लिहिणे म्हणजे दारात सायकल नसलेल्याने मोटारीच्या टायरवर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या वर्षी हा प्रश्न मला खरोखरच पडला. त्याचे उत्तर शोधताना मी एक मोठी चूक केली, आणि ती चूक माझ्या जिवावर बेतली असती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या काळेवाडीत गिटारपेक्षा बेंजोचे प्रस्थ अधिक. टायपरायटरसारखी बटणे असलेल्या बुलबुलतरंगाला पिकअप बसवून तो अँप्लिफायरला जोडला की आपला बेंजो तयार होतो. हळद असो वा गणपती, बेंजोवाचून पान हलत नाही. आम्ही पाच मित्रांनी एक छोटा वाद्यवृंद काढला. त्यात मी गिटार वाजवतो. कोळीगीताला साथ करताना आवाज स्वच्छ, टपटपीत हवा. पण मधल्या तुकड्यात गिटार एकटी वाजते तेव्हा तो भरदार आणि थोडा फाटका हवा. माझा लहान अँप्लिफायर पहिले काम चांगले करतो, मित्राचा मोठा अँप्लिफायर दुसरे. सुरुवातीला मी गाणे चालू असताना एकातली पिन उपसून दुसऱ्यात खुपसत असे. एकदा ऐन कार्यक्रमात त्या उपसण्याचा असा धडाका झाला की पुढच्या रांगेतले मूल दचकून रडू लागले. त्या रात्री ठरवले, पायाने दाबायचे पेडल घ्यायचे.

पेडलांचे प्रकार

बाजारात या कामाची तीन तऱ्हेची पेडले मिळतात. पहिले 'ए-बी'. यात गिटारचा संदेश एका वेळी एकाच अँप्लिफायरकडे जातो; पाय दाबला की दुसऱ्याकडे. दुसरे 'वाय', म्हणजे त्या इंग्रजी अक्षरासारखा दुफाटा. यात संदेश कायम दोन्हीकडे जातो. तिसरे 'ए-बी-वाय', ज्यात हा, तो किंवा दोन्ही असे तिन्ही पर्याय असतात. ज्याला दोन आवाज आलटून पालटून हवेत त्याला पहिले पुरते. ज्याला दोन्ही एकदम वाजवून आवाज रुंद करायचा आहे त्याला दुसरे किंवा तिसरे हवे.

मी मात्र पैसे वाचवण्यासाठी दुफाट्याची साधी केबल आणली. दोन्ही अँप्लिफायर जोडले आणि गिटारला हात लावण्यापूर्वीच खोलीत भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. आवाज वाढवावा तसा भुंगाही वाढे. ओळखीच्या एकाने उपाय सांगितला, "एका अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन मोडून टाक, हम जाईल." मी मोडली. हम गेला! आपल्याला मोठी विद्या प्राप्त झाली असे मला वाटले.

आठ दिवसांनी सरावात मी लहान अँप्लिफायरची केबल काढली आणि मोठ्या अँप्लिफायरवर वाजवू लागलो. मोठ्याचीच पिन मी मोडली होती. गाण्याची ओळ आली म्हणून माइकपाशी तोंड नेले. ओठाला माइकची जाळी लागताच सणसणीत झटका बसला. बोटे तारांवर होतीच. मी मागे कोसळलो, सुदैवाने गादीवर.

अर्थिंग म्हणजे काय

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, चाकणच्या एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली काम करतात. शिक्षण सातवीपर्यंत. मी पेडलांची इंग्रजी माहितीपत्रके वाचत असे तेव्हा ते कौतुकाने बघत, आणि मलाही वाटे की यातले आण्णांना काय कळणार. त्या रात्री त्यांनी तो प्लग हातात घेतला, मोडलेल्या पिनेवर अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ही पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते, सांग बघू?"

मला सांगता आले नाही.

"प्लग घालताना ती सगळ्यांच्या आधी लागावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी म्हणून. आधी संरक्षण, मग वीज."

त्यांनी समजावले ते असे. अँप्लिफायरचा धातूचा सांगाडा अर्थिंगच्या तारेने जमिनीशी जोडलेला असतो. आत काही बिघडून २३० व्होल्ट सांगाड्यावर आले तर वीज त्या तारेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. गिटारच्या तारा केबलच्या बाहेरच्या जाळीमार्फत याच सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे पिन मोडली की आपली बोटे थेट त्या सांगाड्यावर. इतके दिवस मला काही झाले नाही, कारण दुसऱ्या अँप्लिफायरची अर्थिंग केबलच्या जाळीतून याला उसनी मिळत होती. "मशिनची अर्थिंग तू गिटारच्या वायरीला टांगून ठेवली होतीस," आण्णा म्हणाले. ती केबल मी काढली, आणि उसनवारी संपली.

हे केवळ आमच्या खोलीतले संकट नव्हे. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेथे अर्थिंगचा दोष होता. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी नीट अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना गेला. दोघेही कसलेले कलावंत होते. विजेला त्याचे सोयरसुतक नसते.

गुणगुण कोठून येते

मग हम येतो तरी का? दोन्ही अँप्लिफायर आपापल्या प्लगमधून जमिनीशी जोडलेले असतात आणि वर दुफाट्या केबलच्या जाळीने एकमेकांशीही जोडले जातात. असे एक मोठे वर्तुळ पूर्ण होते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, शिवाय आजूबाजूच्या तारांचे चुंबकीय क्षेत्रही असते. त्यामुळे या वर्तुळातून बारीकसा प्रवाह फिरू लागतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिचा आणि तिच्या दुपटीचा सूर आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येतो. गिटारचा संदेश अगदी दुबळा, म्हणून अँप्लिफायर त्याच्याबरोबर या गुणगुणीलाही मोठे करतो.

वर्तुळ तोडायलाच हवे, पण कोठे तोडायचे हा प्रश्न आहे. मी ते प्लगपाशी तोडले. तोडायचे असते ते संदेशाच्या वाटेवर. माहितीपत्रकात 'आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर' हे शब्द मी दहा वेळा वाचले होते, पण अर्थ लागला नव्हता. आण्णांनी विचारले, "म्हणजे आमच्या पॅनेलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर?" कारखान्यात यंत्राच्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्टचे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात तारेची दोन वेगळी वेटोळी लोखंडी गाभ्यावर असतात. दोहोंमध्ये तारेचा सांधा नसतो, तरी चुंबकत्वाच्या जोरावर वीज पलीकडे जाते. पेडलमधला ट्रान्सफॉर्मर हेच काम लहान प्रमाणावर करतो. संदेश पलीकडे पोचतो, जाळीचा सांधा मात्र तुटतो. दोन्ही अँप्लिफायरांची अर्थिंग शाबूत राहते आणि भुंगा गप्प बसतो. जे मला इंग्रजीत कळले नाही ते आण्णांनी एका वाक्यात सांगितले.

निवड करताना

तेव्हा पेडल घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की निदान एका मार्गावर ट्रान्सफॉर्मर आहे का? रेडियल कंपनीच्या बिगशॉट ए-बी-वायमध्ये आणि लेहले कंपनीच्या पी-स्प्लिटमध्ये तो आहे. बॉसचे एलएस-२ अनेक कामांना उपयोगी आणि बफर असलेले पेडल आहे, पण त्यात असा ट्रान्सफॉर्मर नाही.

दुसरा प्रश्न बफरचा. गिटारचा पिकअप अशक्त असतो. प्रत्येक अँप्लिफायरचे प्रवेशद्वार साधारण १० लाख ओहमचे धरले, तर दोन एकदम जोडल्यावर पिकअपला ते ५ लाखांचेच भासते. शिवाय दोन लांब केबलींचा भार येतो आणि वरच्या सुरांची चमक कमी होते. बफर हे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल पिकअपवर भार न टाकता संदेश पुढे जोमाने ढकलते. केबली लांब असतील तर बफर हवाच. त्यासाठी ९ व्होल्टची सोय करावी लागते.

तिसरा प्रश्न दिशेचा, ज्याला 'फेज' म्हणतात. एकाच सुरावर एका अँप्लिफायरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जात असेल, तर खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. दोन्ही शेजारी ठेवून जाड तार छेडावी आणि फेजचे बटण दोन्हीकडे करून पाहावे. ज्या बाजूला आवाज भरतो ती बरोबर.

चौथे, बटण दाबताना 'ठप्प' असा आवाज येतो का आणि न वापरलेला अँप्लिफायर मुका राहतो का, हे दुकानातच ऐकावे.

आणि काही विकत घेण्याआधी दोन फुकटचे प्रयोग करावेत. एकेक अँप्लिफायर एकटा लावून पाहावा. एकट्यालाही हम असेल तर दोष वर्तुळाचा नाही, पिकअपचा किंवा त्याच अँप्लिफायरचा आहे. मग दोन्ही प्लग चांगली अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डात लावावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच गुणगुण कमी होते.

आमची गुणगुण कमी झाली, पण गेली नाही. परदेशी पेडल माझ्या शिकवणीच्या पैशांत बसणारे नव्हते. म्हणून आण्णांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पायाचे बटण, जॅक, अॅल्युमिनियमची डबी आणि ६०० ओहमचा लहान ट्रान्सफॉर्मर आणला. असा ट्रान्सफॉर्मर थेट पिकअपला जोडला तर आवाज मरतो. तो बफरनंतर लावावा लागतो. माझ्या ट्यूनर पेडलमध्ये बफर आहे, म्हणून निभावले. डाग आण्णांनी दिला, आकृती मी वाचली. जोडून पाहिले तर भुंगा तसाच! मी निराश झालो. आण्णांनी डबी उघडली आणि हसले. ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या जॅकची धातूची कड डबीला टेकत होती. आत तोडलेला सांधा बाहेरून पुन्हा जुळला होता. तेथे प्लॅस्टिकचा जॅक बसवला आणि खोली शांत झाली. त्या शांततेत शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

मोठ्या अँप्लिफायरला आता नवा तीन पिनांचा प्लग आहे. मंडपात पोचलो की आधी बोर्डाची अर्थिंग तपासतो, मगच गिटार बाहेर काढतो. त्यासाठीचा टेस्ट लँप आण्णांनी स्वतः बनवून दिला आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी फार थोड्यांना दोन अँप्लिफायर लागतील. पण प्रत्येकाच्या घरी मिक्सर आहे, इस्त्री आहे, आणि कोठेतरी एखादा पिन मोडलेला प्लगही असेल. हा लेख वाचून कोणी तो आज बदलला, तर त्याने पेडल नाही घेतले तरी चालेल.