तळापर्यंत जाळून पाहिलेलीच मेणबत्ती द्या

सोया वॅक्सची सुगंधी मेणबत्ती करायला फारसा वेळ लागत नाही. मेण वितळवायचं, त्यात सुगंध मिसळायचा, ग्लासाच्या तळाला वात चिकटवायची आणि ओतायचं. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इथेच थांबतात. मी घरीच मेणबत्त्या करते, सणावाराला ओळखीच्यांना देते आणि थोड्या विकतेही. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं असतं: मेण घट्ट झालं म्हणजे मेणबत्ती झाली असं समजू नका. तिच्यासारखीच एक मेणबत्ती आपल्या डोळ्यांसमोर तळापर्यंत जळलेली असली, तरच ती दुसऱ्याच्या घरात जाण्याजोगी होते.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. एका दिवाळीत आमच्याकडे भेटीच्या खोक्यातून काचेच्या ग्लासातली मेणबत्ती आली. वर वाळलेल्या गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाकळ्या, मधे दालचिनीचा तुकडा. दिसायला फार देखणी. लावल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग मेण कडेकडे वितळत गेलं, तशा पाकळ्या त्यात भिजून वातीकडे सरकू लागल्या. एका पाकळीची कड तपकिरी झाली, वर वळली आणि पेटली. तिच्या शेजारची पेटली, मग दालचिनीने पेट घेतला. बोटाच्या पेराएवढ्या ज्योतीच्या जागी ग्लासाच्या तोंडाएवढा जाळ झाला. मी शेजारीच बसले होते, म्हणून स्टीलचं ताट वर झाकून तो विझवता आला. ताट उचललं तेव्हा ग्लासाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि गरम मेण टेबलावर पसरत होतं. त्या वेळी खोलीत कुणी नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही सोडवत नाही.

वात मेण कशी जाळते

वाळलेली पाकळी अशी का पेटते, हे समजलं की मेणबत्तीचं सगळं शास्त्र हाती येतं. १८६०-६१ च्या नाताळात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लहान मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती. मेणबत्ती विझवल्यावर उठणाऱ्या पांढुरक्या धुराला काडी दाखवून त्यांनी ती पुन्हा पेटवून दाखवली. जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वात ते वर ओढते, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. जी सच्छिद्र, जळाऊ वस्तू वितळलेल्या मेणात पडेल ती हेच काम करू लागते. पाकळी, दालचिनी, कॉफीची बी, काडेपेटीची अर्धवट जळालेली काडी, यांतली प्रत्येक वस्तू पेटली की वात होते. म्हणून माझ्या मेणबत्तीत मेण, सुगंध आणि वात यांखेरीज काही नसतं. फुलं हवीच असतील तर खोक्यावर बांधा, मेणावर ठेवू नका. चमकी आणि खडूचा रंगही टाळा. त्यांचे कण वातीत अडकतात आणि ज्योत गुदमरते.

समईत वात लहान-मोठी करता येते, पुढे सारता येते. मेणबत्तीत ती सोय नाही. एकदा मेण ओतलं की वातीची जाडी कायमची ठरली. वात बारीक असेल तर मधोमध विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं आणि शेवटी वात आपल्याच मेणात बुडून विझते. जाड असेल तर ज्योत उंच होते, टोकाला काळा गुल धरतो, ग्लासाच्या तोंडाशी काजळी बसते आणि काच तापते. यातली जाड वात जास्त धोक्याची. तरीही नवखी माणसं जाड वातीकडे वळतात, कारण मेण लवकर वितळतं आणि वास जोरात येतो.

वात निवडताना ग्लासाचा आतला व्यास मोजा. पुरवठादाराच्या तक्त्यात त्या व्यासासाठी जी वात दिली असेल ती, तिच्याहून एक नंबर बारीक आणि एक नंबर जाड, अशा तीन घ्या. तक्ता म्हणजे सुरुवात; मेण बदललं, सुगंध बदलला, रंग घातला की उत्तर बदलतं. मोगऱ्याला नीट चाललेली वात व्हॅनिलाला चालेलच असं नाही. जड सुगंधी तेल वात तुंबवतं.

ओट्यावरची काळजी

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मधमाश्यांच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधताना ते मेणबत्तीसाठी आणलं. मुळात तेलच असल्याने ते जास्त तापलं तर पेट घेतं. पातेलं कधीही थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं आणि मेणात थर्मामीटर, असंच वितळवा आणि ओट्यापासून हलू नका. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी मुळीच ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण चहूकडे उडतं. उरलेलं मेण सिंकमध्येही ओतू नका, पाइपात घट्ट होऊन बसतं.

सुगंध नेहमी वजनावर मोजा. चमचा किंवा टोपण हे माप नव्हे, कारण प्रत्येक तेलाची घनता वेगळी. २०० ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम. बहुतेक सोया वॅक्समध्ये ६ ते १० टक्के सुगंध मावतो; त्याहून जास्त घातला तर तो वर घामासारखा सुटतो किंवा तळाशी साचतो आणि पेटूही शकतो. सुगंधी तेलाच्या कागदावर फ्लॅश पॉइंट दिलेला असतो. त्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत जवळ आल्यास पेटते. म्हणून सुगंध मिसळताना गॅस बंद हवा. मिसळल्यावर दोन मिनिटं सावकाश ढवळा.

कोणता सुगंध घ्यायचा, यात गल्लत फार होते. केकमध्ये घालायचा इसेन्स बऱ्याचदा पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये असतो; तो मेणात मिसळत नाही आणि वात तडतडते. अंगावर मारायच्या स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, तो तर मेणाजवळ आणूच नका. अगरबत्तीसाठी विकल्या जाणाऱ्या सुगंधात तो पातळ करायला बऱ्याचदा डाय-इथाइल थॅलेट घातलेलं असतं. अगरबत्तीला चाललं म्हणून मेणबत्तीला चालेल असं गृहीत धरू नका. हा सुगंध मेणबत्तीसाठी आहे का, त्याचं सुरक्षा-पत्रक आणि इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांनुसारचं प्रमाणपत्र आहे का, हे दुकानदाराला विचारा. कागद देत नसेल तर ते तेल घेऊ नका.

ग्लासाबाबतही तेच. जाड, सपाट बुडाचा, तोंड आणि बूड साधारण सारखं रुंद असलेला आणि उष्णता सोसणारा ग्लास घ्या. दांडीचे ग्लास कलंडतात. अरुंद तोंडात उष्णता कोंडते. नारळाची करवंटी दिसायला छान, पण ती स्वतःच जळण आहे. मातीचं बोळकं भाजलेलं असलं तरी मेण शोषतं. ते मेण बाहेरच्या बाजूला झिरपतं आणि खालच्या कापडाला लागतं.

चाचणी

ओतल्यावर सोया वॅक्सला एक ते दोन आठवडे मुरू द्या. त्याआधी लावली तर वास कमी वाटतो, आणि मग माणूस पुढच्या खेपेला सुगंध वाढवतो, ज्याची गरज नसते. वर पांढुरके स्फटिक आले किंवा काचेपासून मेण सुटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका. सोया वॅक्समध्ये ते होतंच आणि जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

आता तीन वातींच्या तीन मेणबत्त्या फरशीवर, एकमेकींपासून लांब ठेवा. वात ५ मिलिमीटर ठेवून कापा. पेटवा, आणि शेजारी वही घेऊन बसा. दर तासाला लिहा: ज्योत किती उंच, हलते की स्थिर, मेण कडेपासून किती लांब, वितळलेल्या मेणाची खोली किती, काजळी आहे का, काच किती तापली. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, असा हिशेब धरा. ७ सेंटिमीटरच्या ग्लासात तीन तासांच्या आसपास मेण कडेपर्यंत पोहोचावं आणि ६ ते १२ मिलिमीटर खोल असावं. चार तासांनी विझवा, पूर्ण गार होऊ द्या, वात पुन्हा कापा, पुन्हा लावा.

पहिल्या जळणीत कडेला थोडं मेण राहिलं म्हणून लगेच जाड वात घेऊ नका. मेणबत्ती खाली उतरते तशी ग्लासात उष्णता साठते आणि कडेचं मेण पुढच्या खेपांत उतरतं. पहिल्याच जळणीत कडेपर्यंतचं मेण झरझर वितळवणारी वात अर्ध्या ग्लासाखाली अनेकदा फार गरम होते. अशी पहिल्या दिवशी उत्तम वाटलेली मेणबत्ती तळाशी येईपर्यंत काच धरवत नाही इतकी तापलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून निकाल पहिल्या दिवशी लावायचा नाही.

शेवटची जळणी सर्वांत महत्त्वाची. मेण कमी उरलं की उष्णता थेट काचेच्या बुडाला लागते आणि तडे बहुधा तेव्हाच जातात. धातूच्या बुडाला उंच नळी असलेली वात घ्या. ज्योत नळीपाशी आली की मेण मिळत नाही आणि ती आपोआप विझते. आपल्या मेणबत्तीत हे घडतं का, ते नजरेने पाहा. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ २४१७ या मानकातही ज्योतीची उंची, दुसरी ज्योत पेटणं आणि मेणबत्तीचा शेवट कसा होतो, यांच्या अटी आहेत.

यात आपल्याकडची आणखी एक चाचणी घाला: पंखा. परदेशी पुस्तिका वाऱ्यापासून दूर ठेवा म्हणतात, पण आपल्या घरात छताचा पंखा आठ महिने फिरतो आणि मेणबत्ती त्याच्याखाली लावली जाणार, हे धरूनच चला. पंख्यात ज्योत एका बाजूला झुकते, काजळी धरते आणि काच त्याच बाजूला तापते. पंखा लावून एक मेणबत्ती जाळा, काय होतं ते बघा आणि घेणाऱ्याला सांगा. ऋतूही धरा. डिसेंबरात बरोबर ठरलेली वात मे महिन्यात जाड पडू शकते. ग्लासात ओतायचं सोया वॅक्स साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीत पार्सल सहज तेवढं तापतं. तिकडे उन्हाळ्यात पाठवणार असाल तर जास्त तापमानाला वितळणारं मिश्रण घ्या, नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबा.

विकताना ‘धूर नाही, काजळी नाही, विषारी काहीच नाही’ असं लिहू नका. जे जळतं त्याची थोडी काजळी होतेच. वात चुकली तर सोयाचीही भरपूर होते. त्याऐवजी लेबलावर हे लिहा: वात दर वेळी ५ मिलिमीटर कापा, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त लावू नका, पंखा, पडदा, मुलं आणि मांजर यांच्यापासून दूर ठेवा, खोली सोडताना विझवा, तळाशी १२ मिलिमीटर मेण उरलं की पुन्हा लावू नका.

आणि प्रत्येक सुगंध, ग्लास आणि वात यांच्या जोडीचं वहीत वेगळं पान ठेवा. ग्लास बदलला की नवं पान, पुरवठादार बदलला की नवं पान. ऑर्डर कितीही मोठी असो, सण कितीही जवळ आलेला असो, ज्या जोडीच्या पानावर शेवटच्या जळणीची नोंद नाही ती मेणबत्ती घराबाहेर जाऊ देऊ नका.