तबकडीतले चित्र स्वच्छ कसे दिसेल?

धरमतरच्या खाडीकाठी एका घरी आम्ही गेलो होतो. घरात नवा मोठा टीव्ही आला होता. हप्त्याने घेतलेला. पण घरच्या आजी काही खूश दिसेनात. त्या म्हणाल्या, “एवढे पैसे घातले, पण लेकीच्या लग्नाची सीडी जुन्या टीव्हीवरच बरी दिसायची. यात सगळी तोंडं पुसट. लाल शालू तर नुसता पसरलाय.”

त्या लग्नात आजोबा होते. आज ते नाहीत. म्हणून आजींना ती सीडी पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. मुलगा म्हणाला, “आई, सीडीच खराब झाली. टाकून देऊ.”

आम्ही म्हटले, “थांबा. आधी मागची वायर पाहू.”

मंडळी, अशी वेळ पुष्कळ घरांत येते. म्हणून हा धडा.

चित्र कशाचे असते?

रांगोळीत जसे ठिपके, तसे पडद्यावरचे चित्रही ठिपक्यांचे असते. ठिपके जास्त, तर चित्र बारीक. आपल्याकडच्या साध्या व्हीसीडीत एका ओळीत ३५२ ठिपके आणि अशा २८८ ओळी असतात. डीव्हीडीत एका ओळीत ७२० ठिपके आणि ५७६ ओळी असतात. म्हणजे सुमारे चौपट. दिसायला दोन्ही तबकड्या सारख्याच. लोक दोन्हींना सीडीच म्हणतात.

फुल एचडी टीव्हीत एका ओळीत १९२० ठिपके आणि १०८० ओळी असतात. तबकडीत तेवढे ठिपके नसतात. मधली जागा टीव्ही अंदाजाने भरतो. म्हणून जुनी तबकडी मोठ्या पडद्यावर थोडी मऊ दिसणारच. तिच्यात जे नाही, ते कोणतीही वायर आणू शकत नाही. पण जे आहे, ते तरी पुरते दिसले पाहिजे. ते वाटेत बिघडते, ते वायरीमुळे.

वायरीचे प्रकार

पहिली, पिवळी पिन. हिच्यासोबत आवाजाच्या लाल आणि पांढऱ्या पिना असतात. पिवळ्या वायरीतून चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात. आपल्या खाडीचेच पाहा ना. आंबा नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी खाडीत एक होते. मग ते वेगळे करून दाखवा बरं! टीव्ही उजेड आणि रंग पुन्हा वेगळे करू पाहतो, पण ते पुरते जमत नाही. म्हणून लाल शालूचा रंग कडेबाहेर सांडतो.

दुसरी, चित्रासाठी तीन पिनांची वायर. हिरवी, निळी आणि लाल. यात उजेड वेगळा जातो आणि रंग वेगळे जातात. जणू प्रत्येक पाण्याला वेगळा पाट. चित्र पुष्कळ सुधारते. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना मात्र वेगळ्या लावाव्या लागतात. म्हणजे लाल पिना दोन झाल्या. त्यांची अदलाबदल करू नका.

तिसरी, एचडीएमआय. ही एकच चपट्या तोंडाची वायर. चित्र आणि आवाज दोन्ही हिच्यातूनच, आकड्यांच्या रूपाने जातात. वाटेत मिसळ होत नाही. प्लेअरला आणि टीव्हीला हे भोक असेल, तर हीच वायर घ्या. घरातल्या दोन हात अंतरासाठी साधी वायर पुरते. महागाची घेतली म्हणून चित्र जास्त चांगले होत नाही.

जोडायचे कसे?

१. आधी दोन्ही यंत्रांची बटणे बंद करा.

२. प्लेअरच्या मागे ‘आउट’ लिहिलेले असते, टीव्हीच्या मागे ‘इन’ किंवा एचडीएमआय. ‘आउट’मधून ‘इन’मध्ये वायर लावा. तोंड जुळवून सरळ घाला. जोर करू नका.

३. टीव्ही लावा. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण असते. ते दाबून ज्या भोकात वायर लावली, तेच नाव निवडा. नाहीतर पडदा काळाच राहील.

४. माणसे जाडी किंवा आडवी ताणलेली दिसली, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. तो बिघाड नव्हे. जुने चित्रच कमी रुंद असते.

५. ‘शार्पनेस’ फार वाढवू नका. त्याने चित्र स्वच्छ होत नाही, नुसत्या कडा जाड होतात.

खाऱ्या हवेपासून जपा

खाडीकाठची हवा खारी आणि दमट. तिने पिना काळवंडतात, कधी हिरव्या पडतात. मग चित्र फडफडते, रंग जातो. यंत्रे बंद करून पिना कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट बसवा. तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे.

आणखी एक. लग्नाची तबकडी बहुधा घरगुती यंत्रावर भरलेली असते. तिच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने कालांतराने बिघडतो. एकदा गेलेले चित्र परत मिळत नाही. म्हणून ती चालते आहे तोवर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. एक प्रत घरी ठेवा, एक लेकीकडे द्या.

पुढे काय झाले?

त्या घरी पिवळी पिनच लावलेली होती. प्लेअरला एचडीएमआयचे भोक होते, पण कोणी पाहिले नव्हते. मुलाने पेणच्या बाजारातून वायर आणली. ती लावली, चित्राचा आकार नीट केला. शालूचा रंग शालूतच राहिला. अक्षता टाकताना आजोबा दिसले.

आजी पुढे सरकल्या. म्हणाल्या, “ह्यांच्या कोटाचं वरचं बटण बघा. तुटलेलं. मी म्हटलं होतं लावून देते. घाईत राहिलंच.” मग त्या हसल्या आणि डोळे पुसू लागल्या.

सीडी खराब नव्हती. टीव्हीही खराब नव्हता. म्हणून वस्तू टाकण्याआधी आणि नवी घेण्याआधी, मागे वळून वायर पाहा.

सांगा पाहू

१. पिवळ्या पिनेने रंग का पसरतो?

२. तुमच्या टीव्हीच्या मागे कोणकोणती भोके आहेत? नावे वाचा आणि वहीत लिहा.

३. तुमच्या घरी जपावी अशी कोणती तबकडी आहे? तिची दुसरी प्रत आहे का?