घाट उतरताना मायनसचं पॅडल

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या स्टिअरिंगमागे दोन पॅडल असतात, उजवीकडे प्लस आणि डावीकडे मायनस. शोरूममध्ये त्यांचं कौतुक 'स्पोर्टी फीचर' म्हणून होतं. ते अगदीच खोटं नाही. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पॅडलवर गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने तिच्यावर ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली. आपल्याला कुठली शर्यत जिंकायची आहे? म्हणून नवी गाडी आली की लोक चार दिवस पॅडल दाबून बघतात आणि सोडून देतात. प्लस सोडलंत तरी काही बिघडत नाही. मायनस मात्र घाटात जीव वाचवतं.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो होतो. गाडी भाच्याची, चालवतही तोच होता. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे, तिथून दाणोलीपर्यंत उतारच उतार. धुकं दाटलेलं, रस्ता ओला, पुढे एक भरलेला ट्रक. गिअर 'डी'वर आणि भाच्याचा पाय ब्रेकवर. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. "मामा, ट्रकचे लायनर जळतायत बघा," तो म्हणाला. पुढे ट्रक बाजूला थांबला, आम्ही पुढे निघालो, तरी वास आमच्याबरोबरच. पुढच्या वळणाला तो म्हणाला, "ब्रेकचं पेडल जरा खोल जातंय." रुंद, सपाट जागा बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढच्या चाकांजवळ हात नेला तर धग लागत होती.

ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, पकड कमी होते. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली तर ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणात गाडी वापरणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं.

ब्रेक निवले, मग भाच्याला म्हटलं, आता मायनस दाब. त्याने दाबलं, मीटरवर 'डी ३' आलं, वेग आवरला. थोडं अंतर गेल्यावर गाडी आपली आपणच 'डी'वर परतली. इथेच बरेच जण फसतात. 'डी'मध्ये असताना पॅडल दाबलं, तर बहुतेक गाड्यांत तो तात्पुरता हुकूम असतो. गिअर टिकवायचा तर लिव्हर आधी 'एम' किंवा 'एस'वर न्यावा लागतो. आपल्या गाडीत नेमकं काय होतं, हे पुस्तिकेत वाचून घाटाआधीच करून बघा.

मग लिव्हर 'एम'वर घेतला. 'एम २'वर इंजिनचा आवाज वाढला तसा भाचा घाबरला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. काटा साडेतीन हजारावर होता, पेट्रोल इंजिनची लाल रेघ बहुधा सहा हजारांच्या पुढे असते. शिवाय ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरवर उतरत असते, तेव्हा आजची इंजिनं इंधनाचा पुरवठाच तोडतात. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वेगाच्या मानाने फारच खालचा गिअर मागितला तर गाडी तो घेतच नाही, बहुधा बीप करून नकार देते.

एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. त्यासाठी काही पथ्यं:

गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, वेग वाढल्यावर नव्हे. एकावेळी एकच गिअर खाली या. ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर पाडले तर पुढची चाकं घसरू शकतात.

वळणात पॅडल शोधू नका. बहुतेक गाड्यांत पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात, आणि चाक अर्धं फिरलं की मायनस उजव्या हाताला येतं.

पेट्रोल-डिझेल गाडी गिअरने हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी चिकटून असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करा.

ब्रेक लागेल तेव्हा नेमका दाबा आणि सोडा, पाय टेकवून ठेवू नका. वास आलाच तर सपाट जागी थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

इलेक्ट्रिक गाडीत हीच पॅडल बहुधा रीजनरेशन, म्हणजे मोटरने गाडी आवरून बॅटरीत वीज भरणं, कमी-जास्त करतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घेत नाही आणि मोटरची रोध-शक्ती कमी पडते. म्हणून घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरू नका.

गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हला विक्रेता सरळ, मोकळ्या रस्त्यावर नेतो. त्याला जवळच्या एखाद्या उतारावर न्यायला सांगा, आणि तिथे मायनस दाबून बघा.