नळाच्या पानातली अळी

प्रश्न : मुलीकडे केंब्रिजला गेलो असताना जवळच्या दलदलीत बोरूसारखे उंच गवत पाहिले. सप्टेंबर संपत आला होता. काही पानांवर लांब, पांढुरके पट्टे होते. आमच्या लिंबावर नागअळीच्या रेघा पडतात तसे, पण सरळ. हा रोग असतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रोग नव्हे, ते एका अळीचे घर. तुम्ही पाहिलेले गवत म्हणजे नळ. आपल्या नदीकाठच्या नळाचा सख्खा भाऊबंद. पूर्व इंग्लंडच्या दलदलीत त्यावर कॉस्मोप्टेरिक्स लिएनिजिएला नावाचा चिमुकला पतंग वाढतो आणि तो पट्टा बहुधा त्याच्या अळीचा असावा. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमधला हिरवा गर ती आतल्या आत खाते. रिकाम्या जागेत हवा शिरते, म्हणून पट्टा पांढरा दिसतो. लिंबाच्या पानात शिरांचे जाळे असते, तिथे नागअळी हवी तशी वळते. नळाच्या शिरा मात्र एकमेकींना समांतर धावतात, त्यामुळे अळीही त्यांच्याच दिशेने पुढे सरकते.

पट्टे करणाऱ्या माश्याही असतात. ओळखायचे असेल तर पान उजेडासमोर धरा. पतंगाच्या अळीला कठीण, स्पष्ट डोके असते; माशीच्या अळीला ते नसते.

पतंग जून-जुलैत उडतो. पसरलेले पंख जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पण त्यांवरचा नारिंगी पट्टा आणि त्याच्या कडेचे धातूसारखे चमकणारे ठिपके भिंगातून पाहावेत असे. झेलर या जर्मन अभ्यासकाने 1846 मध्ये त्याचे वर्णन केले आणि लाटव्हियातल्या फ्रीडरिके लिएनिग या कीटक-अभ्यासक बाईंचे नाव त्याला दिले. त्या काळी फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला हा मान आला.

या पतंगाला नळ हवा आणि नळाला ओल. सतराव्या शतकापासून पूर्व इंग्लंडच्या दलदली शेतीसाठी निचरा करून कोरड्या केल्या गेल्या. आता त्यांचे तुकडेच उरले आहेत. केंब्रिजजवळचे विकन फेन हा त्यांतला एक. तिथली जमीन नॅशनल ट्रस्टने 1899 पासून घ्यायला सुरुवात केली.

कॉस्मोप्टेरिक्सच्या इतर जाती भारतातही आहेत. तेव्हा पुण्याजवळच्या पाणथळीत नळ दिसला, तर त्याची पाने जरूर पाहा. पट्टा आढळला तर पान तोडू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख टिपून ठेवा. इतक्या लहान पतंगांच्या नोंदी आपल्याकडे फार थोडे लोक ठेवतात.