भरलेला अर्ज पुसू देऊ नका

कळंबसारख्या तालुक्याच्या गावी बरेच शेतकरी योजनेचा अर्ज सेवा केंद्रातून भरतात. केंद्रातला मुलगा टाइप करतो, शेतकरी सातबारा घेऊन शेजारी बसतो. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो कधी घरी राहिलेला असतो, कधी यवतमाळला शिकणाऱ्या पोराकडे. अशा वेळी 'सेशन संपले' या दोन शब्दांपायी गावाकडे आणखी एक फेरी पडते. सिंगल-पेज ॲप लिहिणाऱ्याने हा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा.

आधी चूक नीट ओळखा. ४०१ म्हणजे सर्व्हरला ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण या कामाची परवानगी नाही. तिथे पुन्हा लॉगिन करून काहीच साधत नाही. उत्तरच आले नाही तर अडचण बहुधा नेटची. तेवढ्यासाठी कुणाला बाहेर काढू नका.

४०१ आला की रिफ्रेश टोकन वापरून नवे ॲक्सेस टोकन घ्या आणि अडलेली विनंती एकदाच पुन्हा पाठवा. बहुतेकांचा घात इथेच होतो. गाव, गट क्रमांक, पीक अशा चार-पाच विनंत्या एकदम सुटतात आणि साऱ्या ४०१ घेऊन परततात. प्रत्येकीने आपापले रिफ्रेश मागितले, आणि सर्व्हर दरवेळी रिफ्रेश टोकन बदलणारा असला, तर वापरलेले टोकन परत आलेले पाहून तो चोरीचा संशय घेतो आणि लॉगिनच रद्द करतो. म्हणून चालू रिफ्रेशचे प्रॉमिस एका जागी ठेवा, बाकीच्या विनंत्या त्यासाठी थांबवा. दोन टॅब उघडे असतील तर वेब लॉक्स वापरा. खुद्द रिफ्रेशलाच ४०१ आला, तर मात्र सरळ लॉगिन मागा. नाहीतर ॲप त्याच चक्रात अडकते.

लॉगिनची खिडकी भरलेल्या अर्जावरच उघडा. लॉगिन झाल्यावर माणूस तोच आहे ना, हे तपासा. दुसरा असेल तर आधीची माहिती पडद्यावरून काढा. केंद्रातला संगणक दिवसभर अनेकांच्या कामाला येतो, तेव्हा टोकन किंवा आधार क्रमांक लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका. रिफ्रेश टोकन एचटीटीपी-ओन्ली कुकीत आणि अर्जाचा मसुदा सर्व्हरवर, ज्याच्या त्याच्या खात्यात असावा.

संदेश मराठीत लिहा: 'लॉगिनची वेळ संपली. भरलेली माहिती जपून ठेवली आहे. पुन्हा ओटीपी टाका.' मधले वाक्य खरे असेल तरच लिहा.

शेवटी टोकनची मुदत एका मिनिटावर आणा, स्वतः अर्ज भरायला बसा, मध्येच नेट बंद करा. एक जरी रकाना रिकामा झाला, तर ते ॲप शेतकऱ्यापर्यंत जाऊ देऊ नका.